मगरीच्या शेजारचं रिसॉर्ट

नदीकाठच्या रिसॉर्टवर माणसं नदीसाठी येतात, आणि माझी निम्मी नोकरी त्यांना नदीपासून लांब ठेवण्यात गेली. पाहुणा गाडीतून उतरला की पहिला प्रश्न विचारायचा, "पाणी कुठं आहे?" मी त्याच्या हातात उसाच्या रसाचा पेला द्यायचे आणि सांगायचे, "पाणी तिकडं आहे, पण आपण इकडं बसायचं." पाहुणा हसायचा. त्याला वाटायचं, बाई गमतीदार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कळायचं की बाई अजिबात गंमत करत नव्हती.

मी मूळची उचगावची. वडील फाउंड्रीत साचे करायचे, आई विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. त्यामुळं चारचौघांत उभं राहून स्पष्ट बोलायची सवय मला घरातूनच लागली. कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मी काउंटरवर होते. तिथं एकदा शिरोळकडचे एक मोठे शेतकरी उतरले होते. भूपाळअण्णा त्यांचं नाव. त्यांच्या खोलीत गरम पाणी येत नव्हतं. ते खाली येऊन ओरडायला लागले तेव्हा मी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "अण्णा, ओरडून पाणी तापत नाही. बंबवाल्याला पाठवलंय." ते चहा पीत बसले. जाताना म्हणाले, "ताई, नदीकाठाला माझी जिमीन हाय. तिथं पावण्यांसाठी खोल्या बांधायल्यात. चालवणार काय?"

मी गेले. उसाच्या मधोमध खोल्या, एक गुऱ्हाळ, एक स्विमिंग पूल आणि खाली कृष्णा. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडं मळी म्हणतात. त्या मळीच्या टोकाला अण्णांनी पाण्यावर पुढं आलेला एक लाकडी सज्जा बांधला होता. सगळे त्याला डेक म्हणायचे. रिसॉर्टच्या प्रत्येक फोटोत तो डेक असायचा. अण्णा जैन असल्यामुळं स्वयंपाकघरात मटणाला बंदी. कोल्हापूरचे पाहुणे जेवायला बसले की इकडंतिकडं बघायचे आणि हळूच विचारायचे, "तांबडा-पांढरा न्हाय?" मी म्हणायचे, न्हाय, पण वांगं असं आहे की मटण विसराल. वांगं मळीतलंच होतं, आणि ते खरंच तसं होतं.

पहिल्या हिवाळ्यात नाश्त्याच्या वेळी एका पाहुण्या बाईंनी समोरच्या काठाकडं बोट दाखवलं. तो ओंडका मघाशी तिकडं होता, आता इकडं कसा, असं त्या विचारत होत्या. अण्णा म्हणाले, पाण्यानं सरकला असंल. तेवढ्यात ओंडक्यानं जांभई दिली.

ती आमची मगर. आमची म्हणजे काय, ती आमच्या आधीपासून तिथं होती. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी पूर्वीपासून आहेत. जुन्या माणसांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल कुणी नव्या माणसाला मुद्दाम सांगत नाही. मी दुसऱ्याच दिवशी वनखात्याच्या माणसाला बोलावलं. शिंदे नावाचे वनरक्षक मोटारसायकलवरून आले. अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांनी मला काठावर नेलं आणि नदीकाठ कसा वाचायचा ते शिकवलं. पुढं मी दर सकाळी, पाहुणे उठायच्या आत, तो काठ वाचत आले.

वाचायचं म्हणजे असं. ओल्या चिखलात कुणीतरी पोतं ओढत पाण्यात नेल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसला तर ती मगरीची घसरण. तिथून ती पोटावर सरकत पाण्यात गेली. कोरड्या मातीत ती पायांवर चालते तेव्हा दोन्ही बाजूंना पंजे उमटतात आणि मधोमध शेपटीची रेघ. घसरण ओली आणि चकचकीत असेल तर ती नुकतीच गेलीय आणि जवळच आहे. रोज पाण्यावर येणारी कुत्री लांब उभी राहून भुंकायला लागली, पाण्याला तोंड लावेनात, तर त्यांचं ऐकायचं. थंडीत मगर उन्हाला काठावर येते. उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नाही. त्या दिवसांत ती अंगावर येते.

शिंदे जाताना म्हणाले, "मॅडम, मगर दिसती तवा माणूस सावध असतो. दिसत न्हाय तवा खरा धोका. आणि एक ध्यानात ठेवा. रोज त्याच वेळेला त्याच जागी कोण पाण्यावर येतंय, हे ती बघून ठेवती."

मग सुरू झालं बोर्डाचं भांडण. अण्णांचं म्हणणं, बोर्ड लावा, पण त्यावर मगर हा शब्द नको, माणसं पळून जातील. जयसिंगपूरच्या पेंटरकडून पहिला बोर्ड आला: ‘पाण्यात उतरू नये. आदेशावरून.’ तो कुणी वाचला नाही. आपल्याकडं प्रत्येक नदीवर, तळ्यावर, धरणावर हे वाक्य असतं आणि प्रत्येक जण ते ओलांडूनच पाण्यात गेलेला असतो. एका पाहुण्यानं तर त्या बोर्डावर टॉवेल वाळत घातला आणि पाण्यात जाऊन उभा राहिला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. तो रागावला, माझ्याकडं तक्रारवही मागितली. मी दिली.

दुसऱ्या बोर्डावर अण्णांनी चित्र काढायला परवानगी दिली. पेंटर कुस्तीचे आणि गणपतीचे फलक रंगवणारा. त्यानं मगर इतकी हसतमुख काढली की पोरं तिच्यासोबत फोटो काढायला लागली. एका लहान मुलीनं आईला विचारलं, ही पाल एवढी मोठी कशी झाली?

तिसऱ्या वेळी मी अण्णांना विचारलंच नाही. पेंटरला बसवलं आणि वाक्य सांगितलं: ‘या पाण्यात मगर आहे. ती दिसत नाही तेव्हाही असते.’ पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाकी काही नाही. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना म्हटलं, माणसाला नको म्हटलं की तो करतो, पण का नको ते सांगितलं की निदान थांबतो. हे मला हॉटेलच्या काउंटरनं शिकवलं होतं.

बहुतेक जण थांबायचेही. न थांबणाऱ्यांपैकी एक आजोबा अजून आठवतात. निवृत्त शिक्षक, सोलापूरकडचे, मुलगा आणि सुनेबरोबर आले होते. पहाटे उठून पंचा खांद्यावर टाकून थेट नदीकडं निघाले. मी आडवी गेले. बोर्ड दाखवला. ते शांतपणे म्हणाले की कृष्णामाईच्या काठावर येऊन नळाखाली अंघोळ करण्याइतकं आयुष्य अजून वाया गेलेलं नाही, आणि माईनं न्यायचं ठरवलं असेल तर मी अडवणारी कोण. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माणूस श्रद्धेनं बोलत असतो तेव्हा त्याच्यापुढं भीती मांडून उपयोग नसतो. उसाला पाणी द्यायची मोटर नदीवरच होती. ती सुरू करून मी वरच्या हौदात पाणी सोडलं आणि त्यांना म्हटलं, ही कृष्णाच आहे, फक्त वर आलीय. आजोबांनी पाण्यात हात घालून बघितला. म्हणाले, "पाणी तेच आहे. पण हे वाहत नाही." मी हौदाचं खालचं बूच काढलं. एका बाजूनं पाणी येत राहिलं, दुसऱ्या बाजूनं उसाला जात राहिलं. "आता वाहतंय," मी म्हटलं. ते नदीकडं तोंड करून हौदात उतरले, तीन बुड्या मारल्या, आणि मुक्काम असेपर्यंत रोज तिथंच अंघोळ केली.

अण्णांची भीती मात्र खोटी ठरली. मगर लिहिल्यानं माणसं पळाली नाहीत, उलट वाढली. फोनवर विचारायला लागली, मगर दिसेल ना? आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. आमच्याकडं मटण मिळत नव्हतं, म्हणून पाहुणे रस्त्यावरच्या ढाब्यावरून कोंबडी बांधून आणायचे. डेकवर बसून खायचे आणि हाडं पाण्यात टाकायचे. पाण्यातून काहीतरी वर यायचं, हाडं नाहीशी व्हायची, टाळ्या पडायच्या. मी बंदी घातली, पिशव्या तपासल्या, दोन कुटुंबांना परत पाठवलं. तरी कागदात गुंडाळून, पर्समध्ये लपवून हाडं जायचीच. शिंद्यांनी येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. मगरीला माणूस दिसला की खाणं मिळतं हे एकदा कळलं की पुढं ती माणसाला घाबरत नाही, असं त्यांनी अण्णांसमोर सांगितलं. डेक काढा, असं मी त्याच वेळी म्हटलं होतं. अण्णा म्हणाले, डेक काढला तर रिसॉर्टात राहिलं काय?

आता मालनअक्काबद्दल सांगायला हवं. आमच्या खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गावातली मालनअक्का आणि तिची जाऊ नदीवर धुवायच्या. डेकपासून थोडं खाली गावचा पाणवठा होता. तिथं अक्काचा एक ठरलेला दगड होता. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिची सासू त्याच दगडावर धुवायची, मग ती. अक्का सातवी शिकलेली, वाचायला येत नव्हतं असं नाही. पण माझ्या बोर्डाचं तोंड पाहुण्यांच्या खोल्यांकडं होतं. अक्का गावाकडून यायची, आणि त्या बाजूनं बोर्डाची नुसती पाठ दिसायची. हे मला नंतर सुचलं, आणि अजूनही सुचत राहतं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात पोह्यांचं बघत होते. नदीकडून अक्काच्या जावेची हाक आली. ती हाक कशी होती ते मला लिहिता येणार नाही. मी पळाले. अक्का चादर पिळायला वाकली होती, तेवढ्यात मगरीनं तिचा उजवा हात धरला होता आणि ओढत होती. जावेनं एका हातानं अक्काच्या कमरेला मिठी मारली होती आणि दुसऱ्या हातानं कपडे बडवायचं धोपटणं मगरीच्या तोंडावर घालत होती. मी पोहोचायच्या आत मगरीनं हात सोडला आणि पाणी बंद झालं. दुसरा शब्द नाही. दार लावावं तसं बंद झालं.

मी टोपलीतले कोरडे अभ्रे काढून हात करकचून बांधला, हात वर धरायला लावला आणि रिसॉर्टची जीप काढली. अक्का वाटभर शुद्धीत होती. तिनं एकदाही आरडाओरडा केला नाही. फक्त एकदा विचारलं, "मॅडम, हात हाय न्हवं?" मी म्हटलं, हाय. हात राहिला. दोन बोटं गेली आणि मनगट पुन्हा नीट वळलं नाही.

संध्याकाळी मी परतले तेव्हा गावातली पोरं भाले, कोयते घेऊन काठावर जमली होती. मगर मारायची म्हणत होती. शिंदे एकटे त्यांच्यासमोर उभे होते, मगर मारणं हा गुन्हा आहे असं सांगत होते, आणि पोरांचा आवाज चढत होता. अण्णा बाजूला उभे होते. मी गर्दीच्या मध्ये गेले आणि सांगितलं की ही मगर वर्षानुवर्षं या पाण्यात आहे आणि तिनं आजवर कुणाला धरलं नव्हतं. आमच्या डेकवरून तिला कोंबड्या खायला शिकवलं. तिला मारलं तर दुसरी येईल, आणि डेक असेपर्यंत तीही शिकेल. काय तोडायचं ते बघा.

पोरं गप्प झाली. अण्णा झाले नाहीत. ऑफिसात आल्यावर ते म्हणाले की घरची गोष्ट मी गावात नेली, ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच चव्हाट्यावर आणलं. मी सांगितलं की डेक राहणार असेल तर मी उद्यापासून येणार नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि उचगावला गेले. नोकरी गेली असं धरूनच गेले. आईनं विचारलं, बरोबर बोललीस ना? मी म्हटलं, हो. मग जेव, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात अक्काला भेटायला गेले. मी तिथंच तिच्या उशाशी बसले होते. अण्णांनी सफरचंदं ठेवली, तब्येत विचारली. मग अक्काच बोलली.

"अण्णा, पावणं रोज त्या फळीवर हुबं ऱ्हायचं. मी रोज त्या दगडावर बसायचो. गिऱ्हाईक कोण आन कामवाली कोण, हे तिला कसं कळणार?"

अण्णा उठले. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सुताराला सांगा."

सुताराची गरज पडली नाही. जी पोरं भाले घेऊन आली होती तीच कोयते, पहारी घेऊन आली आणि एका दिवसात डेक उतरवला. त्याच खांबांचा आणि लोखंडी जाळीचा आम्ही गावच्या पाणवठ्याला पाण्यातच एक मजबूत कठडा केला, आत बायकांना धुता येईल एवढा. रिसॉर्टला धुण्याचं यंत्र आलं, त्याला वेगळी खोली आली, आणि बरी झाल्यावर अक्का त्या खोलीची प्रमुख झाली. बोर्डही दोन झाले, एक इकडं तोंड करून, एक गावाकडं.

डेक गेला तर काय राहिलं, असं अण्णा म्हणाले होते. सांगते काय राहिलं. एकदा कोल्हापूरहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. फोटोग्राफरनं पाण्यात उभं राहून पाठीमागं सूर्य असा फोटो ठरवून ठेवला होता. नवरीचा झगा एवढा लांब की दोघींना उचलावा लागत होता. मी काठावर नेऊन त्यांना त्या दिवशीचीच घसरण दाखवली. नवऱ्या मुलानं फोटोग्राफरकडं बघितलं आणि म्हणाला, "पाण्यात तू हुबं ऱ्हा, आम्ही काढतो." शेवटी फोटो गुऱ्हाळात काढले. वाफेत, रस आटवायच्या काहिलीच्या कडेला. झग्याला गूळ लागला, पण ते फोटो इतके छान आले की पुढं लोक मुद्दाम गुऱ्हाळातल्या फोटोंसाठी यायला लागले. अण्णांनी गुऱ्हाळाला रंग दिला.

अक्काकडंही लोकांचं लक्ष जायचं. कुणीतरी कुणाला सांगायचं आणि पाहुणे धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. अण्णांच्याही मनात आलं होतं की तिनं पाहुण्यांना चार शब्द सांगावेत, लोकांवर परिणाम होईल. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिला विचारा. त्याआधीच एक पाहुणा मोबाइल घेऊन खोलीत शिरला आणि हाताचा फोटो काढू का म्हणाला. अक्का चादरीची घडी घालत होती. तिनं घडी पुरी केली, मग त्याच्याकडं बघितलं.

"हात काय बघायचा? बोर्ड वाचा की."

तो गेला. अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

नंतर एक पूर आला. नदी खोल्यांत शिरली, आम्ही सगळे गावाबाहेरच्या शाळेत होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर सगळीकडं गाळ. गाद्या गेल्या, फर्निचर गेलं. स्विमिंग पूल काठोकाठ तांबड्या पाण्यानं भरलेला, हात घातला तर हात दिसत नव्हता. गणपतीच्या सुट्टीचे पाहुणे ठरलेले होते आणि अण्णांना घाई. गडी खोरी, घमेली घेऊन पूलमध्ये उतरायच्या तयारीत पायऱ्यांवर उभे होते.

मी सकाळी नेहमीसारखी फेरी मारली होती. पूलच्या कडेला गाळावर एक पट्टा होता. पुरानं सगळीकडं असे पट्टे केले होते. झाडाच्या फांद्या, पिंपं, काय काय वाहून आलं होतं, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नव्हतं. पण खात्री नाही म्हणून माणूस उतरवायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी गड्यांना वर घेतलं आणि आधी पंपानं पाणी काढायला सांगितलं. अण्णा वैतागले. एक दिवस जाणार, डिझेल जाणार. "ताई, टाकीत कुठली मगर?" ते म्हणाले. मी म्हटलं, नसली तर मी स्वतः गाळ काढते.

पंप लागला. सगळे कट्ट्यावर बसून राहिले, हळूहळू गावातलीही माणसं जमली. पाणी कमरेवर आलं, गुडघ्यावर आलं. काहीच दिसेना, आणि गडी एकमेकांकडं बघून हसायला लागले. मलाही वाटायला लागलं की आता खोरं हातात घ्यावं लागणार. मग उथळ पाण्यात कोपऱ्याला दोन फुगवटे दिसले, त्यांच्या पुढं एक तिसरा. त्यातला एक मिटला आणि उघडला. हसणं थांबलं. अण्णा कट्ट्यावर पाय सोडून बसले होते. त्यांनी पाय वर घेतले.

शिंदे माणसं आणि दोर घेऊन आले. मगर पकडायची पद्धत अशी: लांबूनच दोराचा फास तोंडाभोवती टाकायचा, जबडा बांधायचा, आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं. डोळे झाकले की ती बऱ्यापैकी शांत होते. फास बसला, ती एकदा जोरात उलटली, गाळ उडाला, मग जबडा बांधला गेला. शिंदे वर बघून ओरडले, मोठं फडकं द्या कुणीतरी.

मालनअक्का गर्दीच्या मागं उभी होती. मला ती तिथं आल्याचं माहीतच नव्हतं. माणसांनी आपोआप वाट दिली आणि ती पूलच्या कडेला आली. खाली बघत उभी राहिली. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, हीच काय गं ती? मला त्याचा राग आला, पण खरं सांगायचं तर उत्तर मलाही ऐकायचं होतं.

अक्कानं खाली वाकून बघितलं.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "तोंड कुठं बघितलं मी तिचं? मी माझा हातच बघत हुतो."

मग ती वळून धुण्याच्या खोलीत गेली आणि वरच्या फळीवरची, पुरातून वाचलेली एक पांढरी चादर घेऊन आली. बादलीत बुडवली, डाव्या हातानं पिळली आणि खाली शिंद्यांकडं टाकली. शिंद्यांनी ती मगरीच्या डोळ्यांवर घातली. शेपटीची वळवळ थांबली. पाच-सहा जणांनी तिला फळीवर बांधलं आणि वर घेतलं. अक्काच्या पायाजवळून ती गेली, चादरीखाली, श्वास घेत. अक्का मागं सरली नाही.

"कुठं सोडणार?" तिनं शिंद्यांना विचारलं.

"नदीतच, अक्का. वरच्या डोहात."

"म्हंजे आमच्याच पाण्यात."

"व्हय. तिचं दुसरं कुठलं घर न्हाय."

अक्कानं मान हलवली. "सोडा. पण चादर परत आना. नव्या सेटातली हाय."

शिंद्यांनी दुसऱ्या दिवशी चादर आणून दिली. एका कोपऱ्याला दातानं फाटली होती. अक्कानं ती दोनदा यंत्रात टाकली, उन्हात वाळवली आणि फाटलेला कोपरा बसून शिवला. डाव्या हातानं टाका घालायला तिनं आता शिकून घेतलं होतं, टाका सरळ येत होता. चादर घेऊन ती माझ्या ऑफिसात आली आणि ही पावण्यांच्या गादीला घालू का, असं विचारलं. मी हात फिरवून बघितलं. डाग नव्हता, शिवण जाणवत नव्हती. घाल म्हटलं.

गणपतीच्या सुट्टीत ती चादर घातलेल्या खोलीत इचलकरंजीचे एक व्यापारी बायकोबरोबर उतरले होते. जाताना किल्ली देताना म्हणाले, पुरानंतर एवढ्या लवकर एवढी स्वच्छता, कमाल आहे. झोप फार छान लागली.